कोरं पाणी

दूध करपलं ते तिच्या पाठीमागे, हात लांब केला तर पोचेल एवढ्या अंतरावर. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून खाली रस्ता खोदणाऱ्या माणसांकडे बघत होती. जुनी लोखंडी पाइपलाइन काढून नवी टाकायचं काम चाललं होतं, आणि आता पाणी कुठून वळून येणार याचा विचार तिच्या डोक्यात आपोआप सुरू झाला होता, जसा दुसऱ्याच्या अंगावरचा कोट बघून शिंप्याच्या डोक्यात सुरू होतो. तेवढ्यात सासूबाई बाहेरच्या खोलीतून तरातरा आत आल्या. "अगं, घरात कुणी आहे की नाही?" म्हणत त्यांनी शेगडी बंद केली. ती वळली. दूध उतू जाऊन पातेल्याच्या कडेने काळं झालं होतं, खोलीभर धूर होता, आणि सासूबाईंनी नाकाला रुमाल लावला होता. "वास नाही आला तुला?" त्यांनी विचारलं, आणि अगदी साधेपणाने विचारलं. टोमणा मारायची आयती संधी आली असताना सासूबाईंनी ती सोडावी, याचीच तिला आधी भीती वाटली. मग तिने श्वास आत ओढला, पुन्हा ओढला, छाती दुखेपर्यंत ओढला. हवा आत गेली. गरम होती, घशात खवखवली. बाकी काही नव्हतं.

"सर्दी आहे थोडी," ती म्हणाली. सर्दी नव्हती. सर्दी झाली होती ती थंडी सरता सरता, तापासकट, आणि बरी होऊनही आता बरेच दिवस झाले होते. सासूबाई पातेलं घेऊन मोरीकडे गेल्या तशी तिने फळीवरचा कॉफीचा डबा उचलला, झाकण काढलं आणि नाक आत घातलं. तपकिरी पूड. रंग दिसत होता, पूड बारीक दळलेली आहे हेही दिसत होतं. कॉफीचा वास कसा असतो हे तिला नीट माहीत होतं, कुणी विचारलं असतं तर तिने चार वाक्यांत सांगितलं असतं, पण ती चार वाक्यंच तेवढी उरली होती. तिने व्हिनेगरची बाटली उघडली. झणकन नाकात झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिला इतकं बरं वाटलं की ती चक्क हसली. पण झोंबणं वेगळं आणि वास वेगळा, हा धडा तिने स्वतः कितीतरी नवशिक्यांना दिला होता. डोळे मिटून झोंबणं बाजूला केलं तर मागे काय उरतं? तिने डोळे मिटले. मागे काही उरलं नाही. मग तिला चेव आल्यासारखं झालं. बुटांचं पॉलिश, फिनेल, मेणबत्ती, साबणाची वडी, मुलीच्या केसांचा ब्रश, असं करत करत ती धुण्याच्या टोपलीपर्यंत पोचली आणि नवऱ्याचा कालचा शर्ट तोंडावर धरून उभी राहिली. कापड होतं. कॉलर जरा ओलसर होती. इतकी वर्षं ज्या माणसाशेजारी ती झोपत आली, तो तिथे नव्हता.

आता एखाद्या हिशेबनिसाला वास येईनासा झाला तर त्याचं दूध करपेल, फार तर चार दिवस घरचे चेष्टा करतील. पण ती शहराच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात केमिस्ट होती, आणि नुसती केमिस्ट नव्हती. केंद्रात सगळे तिला बाई म्हणायचे, आणि मोठे इंजिनिअर बाहेरच्या पाहुण्यांना ओळख करून देताना "हे आमचं नाक" म्हणायचे. पाण्याचा गढूळपणा, आम्लता, क्लोरीन यांचे आकडे भिंतीवरच्या पडद्यावर घडीघडीला बदलत असत, त्यासाठी माणसाची गरज उरली नव्हती. पण उन्हाळ्यात तलावात शेवाळ माजलं की पाण्याला जो मातकट वास लागतो, तो त्या पडद्याला कळत नसे. नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवून उत्तर येईपर्यंत अर्धं शहर ते पाणी पिऊन मोकळं झालेलं असे. म्हणून केंद्रात रोज सकाळी वासाची बैठक भरत असे. काचेच्या बुचाचे फ्लास्क कोमट करायचे, गोल हलवायचे, बूच काढून हुंगायचं आणि सांगायचं. मातीचा वास निघाला तर कोळशाच्या बारीक पुडीची पोती फोडायची, ती पूड पाण्यात सोडली की वास शोषून घेते आणि पुढे गाळणीत अडकून राहते. पोती फोडायची की नाही हे बैठक ठरवत असे, आणि बैठक म्हणजे ती, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पोती या वर्षी अजून फोडली नव्हती. उन्हाळा तर पार डोक्यावर आला होता.

कचऱ्याचा डबा तिने उघडला तो शेवटची परीक्षा म्हणून, खरं तर आता घाणेरडा का होईना पण वास यावा अशी गयावया करत. डब्यात पिळलेल्या लिंबांच्या फोडींचा ढीग होता. एखाद-दुसरी नाही, ढीग. तिने वाकून बघितलं आणि मग सावकाश मागे वळून टेबलावरच्या पाण्याच्या जगकडे बघितलं. जगच्या तळाशी लिंबाच्या दोन चकत्या बसल्या होत्या. त्या रोजच असत. तिने त्या रोज पाहिल्या होत्या. सासूबाईंना उन्हाळ्यात लिंबू चांगलं असं कुणीतरी सांगितलंय, असं तिच्या डोक्यात कधीतरी बसलं होतं आणि मग तिने जगकडे पाहणं सोडून दिलं होतं. "हे लिंबू कशासाठी असतं?" तिने विचारलं. सासूबाई पातेल्यात तोंड घालून जोरजोरात घासू लागल्या. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा आणि घरात भांडण दिसलं की नकाशात तोंड खुपसायचा, त्याने वर्तमानपत्र जरा वर धरलं. "उन्हाळा आहे," तो म्हणाला, "बरं असतं." मग मुलगी दप्तर भरता भरता म्हणाली, "आई, पाण्याला वास येतो म्हणून. अजून कशासाठी असेल?"

"कसला वास?"

"मातीचा. कुंडीचा. पाऊस पडल्यावर तळघरातून येतो तसला. लिंबू टाकलं की कमी वाटतो."

"कधीपासून?"

मुलीने बापाकडे पाहिलं, बापाने सासूबाईंकडे. "झाले बरेच दिवस," सासूबाई म्हणाल्या. "जाऊ दे ना आता."

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"तूच तर म्हणालीस ना, वास नाही म्हणून," मुलगी म्हणाली. "पहिल्याच दिवशी मी म्हटलं होतं, तर तू म्हणालीस, आम्ही रोज तपासतो, काही नाहीये. मग मला वाटलं मलाच येतोय." सासूबाईंनी हात पुसले. "तू सगळ्या गावाचं पाणी तपासतेस. तुझ्यापुढे आम्ही काय बोलणार? आणि तुला वाईट वाटलं असतं. दमून येतेस." हे त्या इतक्या मायेने म्हणाल्या की तिचा राग कुठे न्यायचा हेच तिला कळेना. आयुष्यभर भाजीला, पडद्यांना, तिच्या माहेरच्यांना नावं ठेवणाऱ्या या बाईने पाण्याला मात्र नाव ठेवलं नव्हतं, गुपचूप लिंबं आणली होती. घरात सगळे मिळून तिला सांभाळून घेत होते आणि सगळे मिळून ते पाणी पीत होते. तिला रडायला यायला हवं होतं. त्याऐवजी तिला वाटलं, यांना हाताला धरून हलवावं आणि विचारावं की अरे, तुमचं नाक तुमच्याच तोंडावर आहे ना?

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तरी तिला बसवेना. ती बसली, उठली, पुन्हा बसली. शेजारच्या बाईने संशयाने पर्स आवरून घेतली. बाहेर तेच रस्ते होते, बेकरी, गॅरेज, ड्रायक्लीनरचं दुकान, आणि आज पहिल्यांदाच तिला दिसलं की हे सगळं नुसतं चित्र होऊन बसलं आहे. बेकरीच्या दारात लोक रांगेत उभे होते तर उभे होते, का उभे होते हे आतून कळत नव्हतं. हे इतके दिवस कसं लक्षात आलं नाही? टूथपेस्ट गार लागत होती, कॉफी कडू लागत होती, क्लोरीनच्या खोलीत शिरलं की डोळे चुरचुरत होते, आणि त्या गार, कडू, चुरचुर यांच्या भरवशावर तिने आपलं सगळं जागच्या जागी आहे असं मानलं होतं. मग तिला क्लोरीनची खोली आठवली. तिथे गळती झाली तर भोंगा वाजतो, पण भोंगा वाजायच्या आधी दारातच जो सूक्ष्म वास येतो त्यावर मागे फिरायचं असतं. गेल्याच आठवड्यात ती केंद्रातल्या गाळण्या सांभाळणाऱ्या फिल्टरवाल्या मामांना म्हणाली होती, "जा आत, काही नाहीये." मामा गेले होते. सुदैवाने खरंच काही नव्हतं. तिने पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला. मामांना दोन मुली, एक नातू, आणि तो नातू त्यांच्या टोपीत वाळू भरतो, हे सगळं त्यांनी तिला हौसेने सांगितलेलं.

आणि पाळणाघरवाली. ती आठवण तिने घरापासून मागे ढकलत आणली होती, पण बस पुलावर अडकली आणि ती आठवण पुढे येऊन बसली. वासाची तक्रार करणारे फोन दर उन्हाळ्यात येतात, आणि त्यांना द्यायचं उत्तर ठरलेलं असतं: आम्ही रोज तपासतो, पाणी चांगलं आहे, तुमच्या गच्चीवरची टाकी धुऊन घ्या. बहुतेक वेळा ते उत्तर खरंही असतं. लोक टाक्या धूत नाहीत, टाकीत पालापाचोळा असतो, कबुतरं असतात, एकदा तर एकाची हरवलेली चप्पल सापडली होती. या वर्षी फोन जरा जास्त होते, पण उन्हाळाही जास्त होता. पाळणाघरवालीने पहिला फोन केला तेव्हा तिने हेच उत्तर दिलं. त्या बाईने टाकी धुतली आणि पुन्हा फोन केला. "धुतली हो. आतून घासून घेतली. तरी येतोय." तेव्हा ती म्हणाली होती, "पुन्हा एकदा धुवा, ब्लीचिंग पावडर टाकून." आवाज कोरडा होता तिचा, त्या कोरडेपणाचा तिला तेव्हा अभिमानच वाटला असावा. तिसऱ्या फोनला पाळणाघरवाली दमलेली होती. "राहू दे बाई. मुलं तोंडाला लावत नाहीत ते पाणी. मागच्या आवारात विहीर आहे, तिचं भरते मी. तिला निदान वास नाही." आणि यावर तिने स्वतः काय म्हटलं? विहिरीचं पाणी देऊ नका असं म्हटलं का? म्हटलं असेल. म्हटलंच असेल. शेवाळाच्या वासाने कुणी आजारी पडत नाही, तो नुसता वास असतो, पण त्या वासाला कंटाळून माणूस उठतो आणि कुठलंही पाणी भरून आणतो, ज्याला वास नसतो, रंग नसतो आणि ज्यात काय आहे ते कुणी बघितलेलं नसतं. हे वाक्य ती प्रशिक्षणाला आलेल्या मुलांना खडू हातात घेऊन सांगायची. पुलावरून बस हलली तरी तिला ते आठवेना, की त्या दिवशी फोनवर तिने ते सांगितलं की नाही.

फाटकातून आत शिरताना सुटकेची वाट तिला आपोआप सुचली, आणि ती इतकी सोपी होती की तिची पावलं हलकी झाली. कुणाला सांगायचंच कशाला? आज बैठकीत फ्लास्क हुंगायचा, कपाळाला आठी घालायची आणि म्हणायचं, माती. झालं. मामा पोती फोडतील, संध्याकाळपर्यंत काळी पूड पाण्यात असेल, उद्या-परवापर्यंत शहराच्या नळातला वास जाईल. पाणी सुधारेल, आणि नाव होईल की बाईंनी वेळेत ओळखलं. मग रजा काढून एखादा चांगला डॉक्टर गाठायचा. नाक परत येतं म्हणतात, पुष्कळांचं येतं. तिला थोरले केमिस्ट आठवले, ज्यांनी तिला हे काम शिकवलं. त्यांनी तिला सुरुवातीला उपकरणांना हातच लावू दिला नव्हता, नुसतं हुंगायला बसवलं होतं. काकडी, मासळी, गवत, गटार, ओली माती, कुजलेला कोबी. ती चुकली की ते रागवायचे नाहीत, फक्त फ्लास्क पुन्हा तिच्याकडे सरकवायचे. बैठकीच्या दिवशी सुगंधी साबण लावायचा नाही, कांदा खायचा नाही, आदल्या रात्री भांडायचं नाही, कारण रागात माणसाला नीट वास येत नाही असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांची बायको यावर पोट धरून हसायची. त्यांनीच फ्लास्कांमध्ये एक कोरा फ्लास्क घालायची पद्धत पाडली होती, कोळशातून गाळून गाळून बिनवासाचं केलेलं पाणी, ज्याला सगळे नुसतं कोरं म्हणायचे. खूण फ्लास्कच्या बुडाखाली असायची. कोऱ्यात ज्याला वास येईल त्याचं त्या दिवशीचं मत बाद. गेले कितीतरी दिवस कुणाचं मत बाद झालं नव्हतं. सगळ्याच फ्लास्कांत काही नाही म्हटल्यावर बुडं उलटी करून बघायचं कारणच पडलं नव्हतं.

बैठकीच्या खोलीत नेहमीचेच चौघे होते. ती, फिल्टरवाले मामा, स्टोअरकीपर, जो जाडजूड आणि कायम घाईत असायचा, आणि धाकटी केमिस्ट, जी हिच्याच हाताखाली तयार झाली होती आणि बुटाच्या नाड्यासुद्धा हिच्यासारख्या बांधायची. धाकटीने तीन फ्लास्क कोमट करून ठेवले होते. स्टोअरकीपरने पत्ते पिसल्यासारखी त्यांची जागा बदलली. तिने पहिला फ्लास्क उचलला, बूच काढलं आणि नाकाजवळ धरला. वाफेचा ओलावा वरच्या ओठाला लागला. तिने डोळे मिटले, आणि त्या अंधारात तिला एकदम लख्ख कळलं की खोलीत कुणी श्वास घेत नाहीये. सगळे तिच्याकडे बघत होते. ते रोजच बघायचे, आणि ती रोज त्यांच्याकडे बघायची: हे गप्प आहेत म्हणजे ठीक आहे. "माती," ती म्हणाली. दुसरा फ्लास्क उचलला, जरा वेळ लावला. कोपर टेबलाला टेकवून तो गोल हलवला. "यातही माती. यात जास्त." तिसऱ्याला तिने मान हलवली. "हे कोरं."

खोलीतला ताण असा सैल पडला की मामा मोठ्याने हसले. "हुश्श! मला वाटलं मलाच भास होतायत. बायको रोज डोकं खातेय, पाण्याला वास येतो म्हणून, आणि मी तिला म्हणतोय, आमच्या बाईंना येत नाही तर तुला कुठून येतो?" एकेक करून सगळ्यांनी फ्लास्क हुंगले. "माती," स्टोअरकीपर म्हणाला, "आणि दुसऱ्यात जास्तच. बाई म्हणतात ते बरोबर आहे." मामांनीही दुसरा पुन्हा पुन्हा हुंगला आणि जाणकारासारखी मान डोलावली. "जास्तच आहे." धाकटीने तिसरा फ्लास्क जरा जास्त वेळ धरला, हिच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि म्हणाली, "हो. हे कोरं." स्टोअरकीपर तर पोत्यांची किल्ली काढून उभाच राहिला होता. "थांबा, खुणा बघू देत," धाकटी म्हणाली, कारण वास निघाला की खुणा बघायच्या ही पद्धत तिला हिनेच शिकवली होती. तिने पहिला फ्लास्क उलटा केला. नळाचं पाणी. दुसरा उलटा केला आणि ती तशीच थांबली. मग तिसरा उलटा केला, जणू त्याखाली काही वेगळं निघेल. तिसरं नळाचं होतं. कोरं होतं ते दुसरं.

बाहेर गाळण्या धुवायचं यंत्र सुरू झालं, जमिनीतून त्याची थरथर पायांना लागली. मग सगळ्यांत आधी मामा बोलले, आणि फार प्रेमाने बोलले. "फ्लास्कच धुतलेला नसेल नीट." "तेच म्हणतो मी," स्टोअरकीपर म्हणाला, "नाही तर माझ्या हाताला काहीतरी असेल, सकाळी पोती हलवली मी." दोघांनी आपापल्या हातांकडे पाहिलं. धाकटी लाल झाली होती, तिच्या डोळ्यांत पाणी येऊ घातलं होतं. "माझंच चुकलं, बाई," ती म्हणाली. "काल घाईत धुतले मी. आत्ता पुन्हा धुऊन आणते." आणि तिने तो स्वच्छ फ्लास्क छातीशी धरला आणि मोरीकडे निघाली. आता नुसतं गप्प राहायचं होतं. फ्लास्क धुऊन आला असता, पुन्हा बैठक बसली असती, चौघांनी मिळून फ्लास्कला दोष देऊन टाकला असता आणि चौघंही जेवायला गेले असते. ती धाकटीच्या पाठीकडे बघत राहिली. काय वाटत होतं तिला? लाज वाटत होती. त्याहून जास्त भीती वाटत होती, की ही मुलगी आता आयुष्यभर स्वच्छ फ्लास्क घासत बसेल.

"ठेव तो खाली," ती म्हणाली. "फ्लास्क स्वच्छ आहे. मला वासच येत नाही."

"आज सर्दी—" मामांनी तिला वाट करून दिली.

"आज नाही, मामा. बरेच दिवस. ताप आला होता ना, तेव्हापासून असणार. मला कळलं आज सकाळी, दूध करपलं तेव्हा. आणि कळल्यावरही मी इथे येऊन माती म्हटलं. अंदाजाने म्हटलं." तिने खुर्ची मागे सारली. "आणि तुम्हाला कोऱ्या पाण्यात मातीचा वास आला, तो माझ्या तोंडाकडे बघून आला. मी बाहेर बसते. नवे फ्लास्क लावा. कुणी कुणाकडे बघू नका. एकदम बोलू नका. एकानेही दुसऱ्याची री ओढायची नाही." मामा टोपी काढून तिच्याकडे बघत राहिले. त्यांना गेल्या आठवड्यातली क्लोरीनची खोली आठवली असेल का? त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना, आणि चेहऱ्यावरून काही ओळखायचा आपल्याला आता अधिकार उरलेला नाही असं तिला वाटलं. ती बाहेर आली आणि तिने दार स्वतःच ओढून घेतलं.

बाहेरच्या बाकावर ती कधी बसली नव्हती. नमुने घेऊन आलेली माणसं तिथे बसत. भिंतीवरच्या पडद्यावर आकडे बदलत होते, गढूळपणा उत्तम, क्लोरीन उत्तम, सगळं उत्तम. ती बसली, उठली, आणि मग टेबलावरचा फोन ओढून तिने पाळणाघराचा नंबर फिरवला. पलीकडे बराच वेळ मुलांचा कालवा ऐकू येत राहिला. "पाणी केंद्रातून बोलतेय," ती म्हणाली. "टाकी धुऊ नका आता. टाकी स्वच्छ आहे तुमची. वास पाण्यालाच आहे." "मग इतके दिवस?" पाळणाघरवालीने विचारलं. "इतके दिवस मला येत नव्हता," ती म्हणाली. "तुम्हाला येत होता ते बरोबर होतं. आणि विहिरीचं पाणी मुलांना देऊ नका, अजिबात नको. मी माणूस पाठवते, तो नमुना घेऊन जाईल. तोवर नळाचंच द्या, वास असला तरी." पाळणाघरवाली ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "दोघंजण आले नाहीत या आठवड्यात. पोट बिघडलंय त्यांचं. एकीला ॲडमिट केलंय. मला वाटलं, साथ असेल." मग तिने विचारलं, "विहिरीमुळे असेल का हो?" आणि इथे केमिस्ट म्हणून द्यायचं जे सावध उत्तर असतं, की तपासल्याशिवाय सांगता येत नाही, ते तिच्या जिभेवर आलं. ते खरंही होतं. "असू शकेल," ती म्हणाली. "मी तुम्हाला तिसऱ्यांदाही टाकीच धुवायला सांगितलं असतं. चूक माझी आहे, तुमची नाही. कुठल्या हॉस्पिटलमध्ये आहे ती मुलगी?" पाळणाघरवालीने नाव सांगितलं आणि फोन ठेवला. निरोप घेतला नाही.

ती रिसीव्हर हातात धरून उभी राहिली. बंद दाराआडून आवाज यायला लागले होते. आधी एकेकटे, मग एकमेकांवर चढलेले. "माती कसली, बुरशी आहे ही!" हा स्टोअरकीपर. "बुरशी तुझ्या डोक्यात. मातीच आहे, शेवाळाची," हे मामा. मग धाकटीचा आवाज आला, जो या खोलीत तिने कधी एवढा चढलेला ऐकला नव्हता: "भांडू नका हो! वेगवेगळं सांगा म्हटलंय ना!" इतक्या वर्षांत त्या खोलीत वाद झाला नव्हता. तिला वाटायचं, आपण सगळे तयार झालो आहोत म्हणून होत नाही. आता भांडणाचे ते आवाज ऐकताना तिला आत जावंसं वाटलं, नुसतं दारात उभं राहावंसं वाटलं, कुणीतरी एकदा आपल्याकडे बघावं एवढ्यासाठी. तिने रिसीव्हर ठेवला आणि ती बाकावरच बसून राहिली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

दार उघडून धाकटी बाहेर आली. तिचा चेहरा धुतल्यासारखा ओला होता. "पहिल्यात आणि तिसऱ्यात माती आहे," ती म्हणाली. "दुसरं कोरं. तिघांचं वेगवेगळं घेतलं, खुणा बघितल्या, जुळतंय. तिसऱ्यात चांगलीच आहे. मघाशीच्या तिसऱ्यातही आली होती मला."

"मग माझ्याकडे कशाला आलीस?" ती म्हणाली. शब्द तिला वाटले होते त्यापेक्षा कडक पडले. "विचारायला काय उरलंय? पोती फोडायला सांग."

धाकटी जागची हलली नाही. "पोती फोडायला मामा गेलेत, बाई," ती म्हणाली. "मी विचारायला नाही आले. सांगायला आले."

तिला एकदम पोरकं वाटलं, आणि त्याच वेळी, कितीतरी दिवसांनी, हातपाय सैल पडले. "बरं केलंस," ती म्हणाली. मग तिने नमुन्याच्या बाटल्यांची पेटी उचलली आणि विहिरीवर जायला ती स्वतःच निघाली.